अपग्रेड अर्धवट राहिलं आणि आउटलुकची मेल उघडेना, तर

सोलापुरातून टॉवेल आणि चादरी बाहेर पाठवणाऱ्या कितीतरी कचेऱ्यांत दहा-दहा वर्षांची मेल एकाच फाइलमध्ये साठलेली असतात. परदेशातल्या गिऱ्हाइकाने कोणती छटा मंजूर केली, किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा) टॉवेल ठरला, सगळा पुरावा तिथेच. मग मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं अपग्रेड चालू असताना मध्येच लाइट जाते आणि दुसऱ्या दिवशी आउटलुक सांगतं, फाइल उघडता येत नाही. मला फोन येईपर्यंत कोणीतरी "ऑफिस काढून परत टाका" असा सल्ला देऊन गेलेलं असतं. तो ऐकू नका. प्रोग्राम परत टाकल्याने बिघडलेली मेलची फाइल सुधारत नाही, उलट हातचा दिवस जातो.

सगळ्यात आधी इंटरनेट तोडा. खातं पॉप पद्धतीचं, म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं असेल तर नवी मेल त्याच मोडक्या फाइलमध्ये उतरतात आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरून पुसलीही जातात.

आता फाइल कोणती ते नावाच्या शेवटच्या तीन अक्षरांवरून बघा. ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची नक्कल) असेल तर मेल सर्व्हरवर आहेत: आउटलुक बंद करून फाइलचं नाव बदला, इंटरनेट जोडा, आउटलुक उघडा, नवी फाइल आपोआप भरते. जुनी मात्र पुसू नका, न गेलेली मेल तिच्यातच असतात. पीएसटी (मेल याच कॉम्प्युटरवर साठवणारी फाइल) असेल तर पुढे वाचा. ती बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरात सापडते.

आणखी एक शक्यता. अपग्रेडनंतर 'नवं आउटलुक' चालू झालं असेल, तर जुनी मेल नुसती दिसत नसतात, बिघडलेलं काहीच नसतं. वर उजवीकडचं बटण बंद करून जुन्या आउटलुकवर या.

टास्क मॅनेजरमध्ये आउटलुक खरोखर बंद असल्याची खात्री करून फाइलच्या दोन नकला काढा, त्यातली एक बाहेरच्या डिस्कवर. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही, ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. मूळ फाइलला यानंतर हात लावायचा नाही.

कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल'मध्ये नवं प्रोफाइल, म्हणजे खातं आणि फाइल यांची आउटलुकमधली जुळणी, करा. खात्याची माहिती विचारली की रद्द करा आणि खात्याशिवाय प्रोफाइल करण्याला हो म्हणा. त्यात नक्कल उघडली तर फाइल ठणठणीत आहे, फक्त जुनं प्रोफाइल मोडलं होतं. असं पुष्कळदा होतं, आणि तरीही लोक दुरुस्तीचा प्रोग्राम आधी चालवतात.

नक्कल उघडली नाही, तर खरं काम इथून सुरू होतं. ऑफिससोबतच येणारा 'स्कॅनपीएसटी' हा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस१६ या वाटेने सापडतो. ३२-बिट ऑफिस असेल तर प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मध्ये बघा. नक्कल निवडा आणि तपासणी सुरू करा. तपासणीचे ८ टप्पे असतात, आणि मोठ्या फाइलवर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी एकाच जागी तासन् तास थांबते.

ही पट्टी मला एकदा फार महागात पडली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, अक्कलकोट रोडवरची टॉवेलची कचेरी, ११ जीबीची फाइल. डिस्कवर जागा कमी, म्हणून दुरुस्तीआधी बॅकअप घेण्याच्या चौकटीतली खूण मी काढली आणि थेट मूळ फाइलवर दुरुस्ती लावली. दुपारभर पट्टी हलेना. पोरगा म्हणाला, "सर, हे पुढं सरकंना." मलाही अडकलंय असं वाटलं आणि मी खिडकी बंद केली. त्यानंतर फाइल कशानेच उघडली नाही. एका गिऱ्हाइकाची दोन वर्षांची मेल गेली, ती गेलीच. मालकांनी त्या गिऱ्हाइकाला पत्र लिहून रंगांच्या मंजुऱ्या परत मागवल्या. ते पत्र टाइप होताना मी शेजारीच बसलो होतो.

म्हणून बॅकअपची खूण काढू नका, आणि पट्टी थांबली म्हणून प्रोग्राम मारू नका. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा हलत असेल तर काम चालू आहे. यूपीएस दहा मिनिटांचा असेल तर रात्री लावून घरी जाऊ नका, लाइटचा भरवसा असेल तेव्हाच लावा किंवा फाइल चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर न्या.

दुसरी चूक म्हणजे एकदा चालवून थांबणं. एका फेरीत सगळे दोष निघत नाहीत. "दुरुस्ती पूर्ण" दिसलं तरी परत तपासणी लावा. फाइलशेजारी लॉग, म्हणजे तपासणीच्या नोंदींची फाइल, तयार होतो, त्यातले दोष दर फेरीला कमी व्हायला हवेत. मला कधी तीन फेऱ्या लागल्या, कधी सात. किरकोळ विसंगतीच उरल्या, दुरुस्ती ऐच्छिक आहे, असं स्कॅनपीएसटी म्हणाला की थांबा. चार-पाच फेऱ्यांत आकडा हललाच नाही तर दुसऱ्या नकलेवर पहिल्यापासून सुरू करा. तिथेही तेच झालं तर डिस्क तपासा.

आता दुरुस्त नक्कल नव्या प्रोफाइलमध्ये उघडा आणि कंट्रोल धरून ६ दाबा. फोल्डरांच्या यादीत 'लॉस्ट अँड फाउंड' किंवा 'रिकव्हर्ड पर्सनल फोल्डर्स' दिसले तर आधी तेच चाळा. ज्यांचा फोल्डर तुटला ती मेल तिथे सुटी पडलेली असतात. लोक हे बघतच नाहीत आणि मेल गेली म्हणून बसतात.

दुरुस्त केलेली फाइल रोजच्या कामाला कधीही वापरू नका. नवी पीएसटी बनवा आणि एकेक फोल्डर तिच्यात ओढा. एखाद्या फोल्डरवर अडलं तर आत जाऊन महिन्याच्या हिशेबाने थोडी थोडी मेल ओढा, खराब मेल सापडतं, ते सोडून पुढे जा. आउटलुक २०१० पासून एका पीएसटीची मर्यादा ५० जीबी आहे, पण मी दर वर्षाची वेगळी फाइल करायला लावतो.

मग डेटा फाइल्समध्ये नवी फाइल मुख्य ठरवा, खातं जोडा, मेल त्याच फाइलमध्ये उतरतील हे बघा. इंटरनेट जोडण्याआधी सगळ्यात जुनी दहा आणि सगळ्यात नवी दहा मेल उघडा, जोडलेल्या पीडीएफसकट. मूळ फाइलची बाहेरच्या डिस्कवरची नक्कल निदान वर्षभर ठेवा, कारण गिऱ्हाइकाचं जुनं मेल लागतं ते पुढच्या ऑर्डरच्या वेळी.