एएफओ घालताना आधी टाच बघा

कमरेच्या मणक्याला मार बसल्यापासून माझं उजवं पाऊल लोंबतं. ते वर उचलणाऱ्या स्नायूचा हुकूम मुख्यतः एल-४ मधून, म्हणजे कमरेच्या चौथ्या मज्जातंतूतून येतो आणि माझ्याकडे तो अर्धामुर्धाच पोचतो. म्हणून एएफओ, म्हणजे घोट्याचा ब्रेस. पातळ पट्टीचा, बिजागरीचा की पूर्ण ताठ, हे ऑर्थोटिस्ट (ब्रेस बनवून बसवणारे तज्ज्ञ) आणि फिजिओ तुमची चाल बघून ठरवतील. दुसऱ्याचा मागून घालू नका.

आधी लांब सुती मोजा घाला, एकही चुणी न ठेवता. मग खुर्चीत बसून गुडघा नीट वाकवा. पाय लांब करून घातलात तर पोटरी ओढते आणि टाच वरच राहते. पाऊल थरथरायला लागलं तर जोर करू नका. तळव्याला हात लावून सावकाश वर दाबून धरा, थरथर थांबू द्या. टाच मागे आणि खाली पक्की बसली की घोट्याचा पट्टा आधी, पोटरीचा नंतर. टाच अधांतरी असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

बूट रुंद तोंडाचा, लेसचा. आतला सोल काढला की जागा होते. बुटाच्या टाचेची उंची मात्र बदलू नका. जास्त झाली तर नडगी पुढे कलून गुडघा दुमडतो, कमी झाली तर गुडघा मागे ढकलला जातो. बोटं आत मुडपली नाहीत ना, हे हाताने चाचपा. जाणीव कमी असलेलं पाऊल सांगणार नाही.

नवा ब्रेस सुरुवातीला तासभरच. काढल्यावर घोट्याची दोन्ही हाडं, टाच, करंगळीची बाजू बघा. मागच्या बाजूसाठी मोबाइलचा कॅमेरा सोयीचा. अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर ब्रेस बंद आणि थेट ऑर्थोटिस्टकडे. प्लॅस्टिक तापवून तेवढी जागा फुगवता येते. कापूस मात्र कोंबू नका, दाब उलट वाढतो. (हा सल्ला देणारे हौशी खूप भेटतात.)

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला, तर रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो. ताठ बसा, पट्टे ताबडतोब सोडा, रक्तदाब तपासा. उतरला नाही तर वेळ न घालवता डॉक्टर.

धुवायला साधा साबण पुरतो. वाळवायचा सावलीतच, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर आकार बिघडतो.