उन्हाळी प्रदर्शन: दुपारी अंडी कोंबडीच्या खोक्यात राहू देऊ नका

उन्हाचा कडाका वाढला की अंड्यांच्या स्पर्धेत दरवेळी तेच पाहतो. ताटात सहा अंडी, रंगाने-आकाराने जुळी भावंडे. परीक्षक त्यातले एक बशीत फोडतो आणि पांढरे पाण्यासारखे काठापर्यंत पसरते. वर बलक चपटा. बाकीच्या पाच अंड्यांकडे मग कोण बघतो?

यात कोंबडीचा दोष नसतो. सकाळी नऊला घातलेले अंडे दिवेलागणीला उचलले, इतकेच. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. उष्णतेत त्यांतून कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, पांढऱ्याचा सामू वाढतो आणि घट्टपणा जातो. नंतर फ्रिजमध्ये ठेवून तो परत येत नाही.

म्हणून प्रदर्शनाच्या आधीचा आठवडाभर दिवसातून चार वेळा अंडी उचला. सकाळची एखादी फेरी हुकली तर एक वेळ चालेल, दुपारच्या दोन नाहीत. उचललेली अंडी लगेच १२ ते १५ अंश सेल्सिअसला, ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत, बोथट टोक वर करून ठेवा. ताटात शेवटच्या तीन-चार दिवसांचीच अंडी घ्या.

बाकी नेहमीची कामे:
- कोंबडी अंडी घालते त्या खोक्यात कोरडे तूस
- मळलेले अंडे बाद. धुणे नाही, ओले फडके नाही
- अंधारात टॉर्चवर धरून तडे व रक्ताचे ठिपके पाहणे
- वजन करून जोड्या लावणे
- कांदा, लसूण, रॉकेल यांपासून लांब
- दोन अंडी जादा

निवडताना डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवा. अंडे हळू फिरवा. टोकाकडे वाळूसारखे खरखरीत लागले की बाजूला. तपकिरी अंड्यांचा रंग दिवसाच्या उजेडातच जुळवा. कोंबडी सलग घालत असेल तर मी पहिले अंडे सोडून मधली घेतो. मोजून पाहिलेले नाही, पण ती जास्त एकसारखी वाटतात.

या दिवसांत कवच कडक करणाऱ्या टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारायला विक्रेते येतातच. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ पडते. त्यावर उपाय सावली, वारा आणि गार पाणी. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असावे. शिवाय शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या भांड्यात, दुपार उतरल्यावर, कारण कवच बहुतांश रात्री बनते. बाटलीचे पैसे वाचवून पाण्याचे एक भांडे वाढवा.

थंडाव्यातून काढलेले अंडी साठवायचे खोके लगेच उघडू नका. उकाड्यात अंड्यांना घाम सुटतो आणि कवचावर डाग उमटतात. खोके खोलीच्या तापमानाला आले की मगच झाकण काढा.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी साठ्यातले एक अंडे स्वतःच बशीत फोडा. पांढरे पसरले, तर दुपारची फेरी कोणाकडे होती ते आधी विचारा.