जंगलातून रस्ता नेताना या चुका टाळा

जनावरांना रस्त्याखालून जायला अंडरपास बांधला की वन्यजीवांचा विषय संपला, असं समजणारे अजूनही पावलोपावली भेटतात. अंडरपास हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे जनावरांना त्याच्याकडे वळवणारं रस्त्याकडेचं कुंपण. एका कामावर अंडरपास चोख झाला होता, कुंपण मात्र दोन्ही बाजूंना जेमतेम पन्नास मीटर, कारण निधी तिथवरच पुरला. पावसाळ्यात पाहणीला गेलो तर चिखलात सांबराचे खूर ठसठशीत उमटलेले: कुंपणाच्या कडेकडेनं गेलेले, ते संपलं तिथं भराव चढून थेट डांबरावर. खाली अंडरपासमध्ये उरलेल्या सळया आणि सिमेंटची पोती. ठेकेदार म्हणाला, "जनावरांना कळत नाही, त्याला आम्ही काय करणार?" सांबराला सगळं नीट कळलं होतं.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राण्यांचे अपघात ८० टक्क्यांहून जास्त घटले, ते सलग कुंपण आणि ओलांडणीच्या जागा दोन्ही असल्यामुळे. ५ किलोमीटरपेक्षा आखूड कुंपणावर मी भरवसा ठेवत नाही, आणि त्याचं टोक शक्यतो उभ्या कड्याला किंवा पुलाला भिडवतो.

पाइपाची मोरी टाकून तिला अंडरपास म्हणू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून वाघ जातात, पण तिथल्या रचना ५० ते ७५० मीटर रुंद आहेत.

दुसरी डोकेदुखी वृक्षारोपणाची. खोदताना वरची वीतभर माती मुरमात मिसळून टाकायची आणि शेवटी सुबाभळीची रोपं लावून फोटो काढायचे! त्या मातीतच तिथल्या गवताचं, झुडपांचं बी असतं. ती वेगळी काढा, ढीग बुटके ठेवा, काम उरकलं की परत पसरा. मग एक पावसाळा गप्प बसा. आपोआप काय उगवतं ते पाहून मी फक्त मोकळ्या राहिलेल्या जागी स्थानिक रोपं लावतो. बिलाची घाई असलेल्यांना हे पटत नाही.

दुभाजकात फळझाडं नकोत, माकडं येतात. अंडरपासच्या तोंडाशी दिवे नकोत. मोरीचं पाणी उंचावरून पडत असेल तर मासे वर चढत नाहीत. मुरमाचे खड्डे रस्त्यालगत उघडे ठेवलेत, तर पाण्यासाठी जनावरं तिथंच येणार. ठसे एकाच ऋतूत पाहून अंडरपासची जागा ठरवू नका.

आणि पहिल्या वर्षी अंडरपासमधल्या कॅमेऱ्यात काही आलं नाही म्हणून अहवालात 'निरुपयोगी' लिहू नका. बॅन्फच्या ग्रिझली अस्वलांनाही ओलांडणीच्या जागांची सवय व्हायला काही वर्षं लागली.