नाशिकचं दहा ते सहा, व्हॅलेन्सियाचं साडेसहा ते अडीच

ऑक्टोबरात स्पेनचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. नाशिकच्या ऑफिसचं काम स्पेनमधून करत केलेली माझी सगळी सहल या एका गोष्टीवर उभी राहिली, म्हणून सुरुवात तिथूनच करते. नाशिकचं ऑफिस सकाळी दहाला उघडतं तेव्हा तिथे साडेसहा वाजलेले असतात. इथे संध्याकाळी सहाला टेबल आवरतात तेव्हा तिथे दुपारचे अडीच. तिकडे दुपारचं जेवण दोन ते चारच्या दरम्यान असतं आणि रात्रीचं नऊच्या पुढे. म्हणजे आपलं काम उरकून आपण बरोबर जेवणाच्या वेळेला रस्त्यावर येतो आणि पुढचा सगळा दिवस आपला. अमेरिकेत हेच करायचं म्हटलं तर रात्र जागावी लागेल.

मी द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं बघते. ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी पोर्टलवरची बागांची (प्लॉटची) नोंदणी, औषधांच्या अंशाचा रेसिड्यू रिपोर्ट, माल कीड-रोगमुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट हे सगळं नाशिकमधल्या म्हसरूळच्या घरातून होतं. पॅकहाऊस दिंडोरीच्या बाजूला आहे, तिथे आठवड्यातून एक चक्कर. 2025 मध्ये 30 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर माद्रिदला फ्रूट अट्रॅक्शन हे फळं-भाजीपाल्याचं मोठं व्यापारी प्रदर्शन होतं. आमच्या साहेबांनी मला पाठवायचं ठरवलं, तेव्हाच मी विचारलं, "पुढे आठवडाभर थांबले तर चालेल का? चार दिवस तिथून काम करेन, दोन दिवस रजा टाकेन." ते म्हणाले, "छाटणीचे दिवस आहेत, फोन लागला पाहिजे." एवढीच अट होती. ती कशी पाळली, ते सांगते.

व्हिसाबद्दल आधी स्पष्ट बोलू

टुरिस्ट व्हिसावर जाऊन महिनाभर लॅपटॉप उघडून बसायचं, असा सल्ला मी कुणालाच देणार नाही. तो व्हिसा फिरण्यासाठी आहे. परदेशातल्या कंपनीचं काम स्पेनमध्ये राहून करायचं असेल तर त्यांनी 2022 च्या 28 क्रमांकाच्या कायद्याने वेगळा व्हिसा सुरू केला आहे. त्याला पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, ठरावीक उत्पन्न आणि अपॉस्टिल केलेलं (परदेशात चालण्यासाठी सरकारी शिक्का घेतलेलं) पोलीस क्लिअरन्स लागतं. दोन आठवड्यांसाठी कुणी त्या वाटेला जात नाही, पण दोन-तीन महिने राहायचा विचार असेल तर तीच वाट धरा.

माझा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणारा) बिझनेसचा होता, कारण जाण्याचं मूळ कारण प्रदर्शन आणि ग्राहकांच्या भेटी हेच होतं. कंपनीच्या पत्रात मी एकेक तारीख लिहून घेतली: प्रदर्शन कधी, भेटींचे आणि ऑफिसच्या कामाचे दिवस कोणते, रजा कोणती. फिरण्याचे दिवस लपवले नाहीत. प्रवासाचा तक्ता, हॉटेलची बुकिंगं आणि पत्र यांतल्या तारखा एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत. निर्यातीचे कागद करताना इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जशी ताडून बघतो, तसेच हे कागद ताडले. माझ्या मते फाइलमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

बाकीचं थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मी दोन महिने आधी केला. मोठ्यांसाठी फी 90 युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बोटांचे ठसे द्यायला मी मुंबईला गेले. अपॉइंटमेंट दुपारची घ्या, म्हणजे नाशिकहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं.

आता जाणाऱ्यांसाठी एक बदल आहे. मी 11 ऑक्टोबरला तिथून परत निघाले आणि 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. पहिल्या वेळी त्यात वेळ जातो. पुढचं विमान किंवा रेल्वे धरायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

खोली बघताना खुर्ची बघा

ऑक्टोबरात व्हॅलेन्सियाला सूर्य आठच्या सुमारास उगवतो. म्हणजे कामाचा पहिला दीड तास अंधारात. त्या वेळी कॅफे बंद, वाचनालयं बंद, भाड्याने टेबल देणारी को-वर्किंगची ठिकाणंही बंद. म्हणून खोलीतच नीट बसता येईल अशी जागा हवी. मी बुकिंगच्या आधी घरमालकिणीकडे तीन गोष्टी मागितल्या: टेबल-खुर्चीचा फोटो, वायफायच्या वेगाचा स्क्रीनशॉट आणि खोलीची खिडकी कुठे उघडते याचं उत्तर. तिकडच्या जुन्या इमारतींत काही खोल्या रस्त्याकडे असतात आणि काही आतल्या चौकाकडे. चौकाकडची अंधारी असते, पण शांत असते. रस्त्याकडची दिसायला छान, पण तिकडचा रस्ता रात्री एकलाही जागा असतो आणि आपल्याला साडेपाचला उठायचं असतं. मी चौकाकडची घेतली आणि रोज साडेदहाला झोपले.

1 जुलै 2025 पासून अशा पर्यटक घरांना ऑनलाइन जाहिरातीसाठी सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. तो जाहिरातीत दिसला नाही तर ते घर सोडून द्या. आणि मालकाने पासपोर्ट, घरचा पत्ता, फोन असं सगळं एका फॉर्मवर मागितलं तर बिचकू नका. पाहुण्यांची माहिती सरकारला कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

आपली तीन पिनांची वायर तिथल्या भिंतीत बसत नाही. दोन गोल पिनांचा अडॅप्टर आणि एक आपला एक्स्टेन्शन बोर्ड इथूनच न्या. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे. इंटरनेटसाठी मी ई-सिम घेतलं, पण आपलं भारतातलं सिम काढून ठेवू नका. बँकेचे आणि सरकारी पोर्टलचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी घरूनच त्याचं रोमिंग सुरू करून घ्या.

लोकांना वेळ सांगा

माझ्या कामाची खरी अडचण इंटरनेटची नव्हती, शेतकऱ्यांच्या फोनची होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) चालू असते, त्याच सुमारास प्लॉट नोंदणीची कागदपत्रं गोळा होतात, आणि आमचे बागायतदार सकाळी आठलाच फोन करतात. माद्रिदच्या पहिल्या पहाटे साडेचारला फोन वाजला. पलीकडून, "ताई, सातबारा व्हॉट्सअपला टाकलाय, बघा जरा." त्यांना काय माहीत मी कुठे आहे! मी सांगितल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

त्या दिवशी मी सगळ्यांना एकच निरोप पाठवला: 11 तारखेपर्यंत फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, कागद कधीही टाका. पॅकहाऊसमधल्या एका सहकाऱ्याला दहाच्या आधीचं तातडीचं काम सोपवलं. पुन्हा एकदाही पहाटे फोन आला नाही. हा निरोप मी निघण्याआधी पाठवायला हवा होता. तुम्ही तो आठवडाभर आधी पाठवा, आणि त्यात "स्पेनची वेळ" असं काही न लिहिता आपल्याच वेळेत लिहा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. त्यानंतर मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत नाशिकचं दहा म्हणजे तिथलं पहाटेचं साडेपाच. नोव्हेंबरात जाणार असाल तर ऑफिसकडून अकरा ते सात अशी वेळ मागून घ्या.

तारखा कशा मांडल्या

मंगळवार ते गुरुवार प्रदर्शन. ते ज्या इफेमा मैदानावर असतं तिथे मेट्रोची आठ नंबरची लाइन थेट जाते, आणि तीच लाइन विमानतळालाही जाते. त्यामुळे हॉटेल त्या लाइनीवर घेतलं. प्रदर्शनाच्या दिवसांत ऑफिसचं काम हातात घेतलं नाही. दिवसभर उभं राहून बोलल्यावर डोकं चालत नाही. शेवटचा दिवस 2 ऑक्टोबर, आपला दसरा. इथे सुट्टी असल्याने फोन शांत होता. घरी पूजेच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा आईने पाटावर माझा घरचा कीबोर्ड मांडला होता.

शुक्रवारी हॉटेलातून काम केलं. शनिवारी वेगवान रेल्वेने व्हॅलेन्सिया गाठलं, दोन तासही लागत नाहीत. माद्रिदला मोठी स्टेशनं दोन आहेत, अतोचा आणि चामार्तिन. तिकिटावर कोणतं आहे ते नीट वाचा. सामान एक्स-रेमधून जातं, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. सोमवार ते बुधवार प्रदर्शनातल्या भेटींचा पाठपुरावा आणि नाशिकचं काम, साडेसहा ते अडीच. गुरुवार, शुक्रवार पूर्ण रजा. त्या दोन दिवसांत लॅपटॉप बॅगेतून काढला नाही. कामाचा दिवस आणि रजेचा दिवस एकमेकांत मिसळू देऊ नका. अर्धं काम, अर्धं फिरणं असे दिवस काढलेत तर दोन्हीकडे मन लागत नाही.

अडीचनंतर एका दुपारी मी तुरियाच्या बागेत चालायला गेले. 1957 च्या महापुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली आणि जुन्या कोरड्या पात्रात मैलोनमैल बाग केली. दगडी पूल तसेच आहेत, खालून मुलं सायकली चालवतात. गोदेचा पूर बघितलेल्या माणसाचं पाऊल त्या पुलाखाली थबकतं.

एक चूक मात्र मनाला लागली. व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याची न्यायसभा बसते. कालव्याच्या पाण्याचे तंटे शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तिथे उघड्यावर, तोंडी सोडवतात. युनेस्कोने 2009 मध्ये ती वारसा यादीत घेतली आहे. कालव्याच्या पाळीवरून होणारी भांडणं बघत वाढलेल्या मला ती बघायचीच होती आणि रजेचा गुरुवार मी त्यासाठीच ठेवला होता. पण तो गुरुवार 9 ऑक्टोबर निघाला, व्हॅलेन्सिया प्रांताचा दिवस. न्यायसभा आदल्या दिवशीच झाली होती, मी खोलीत काम करत होते तेव्हा. देशाच्या सुट्ट्या मी बघितल्या होत्या, प्रांताच्या नव्हत्या. रजेची तारीख टाकण्याआधी दोन्ही बघा.

जेवण

मी मांस-मासे खात नाही. वाक्य एकच पाठ करा: "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन", म्हणजे मांस नको, मासा नको, हॅम नको. नुसतं शाकाहारी म्हटलं तर सॅलडवर टुना पसरून येतो. टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो हे टोमॅटोचं गार सूप, अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट म्हणजे तोर्तिया, आणि भाज्या घातलेला भात म्हणजे पाएया यांवर माझं छान भागलं. दुपारी चारनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री साडेआठपर्यंत, तेव्हा काम संपलं की आधी जेवून घ्या. इथून चिवडा आणि भाकरवडी न्या, पण तूप, पेढे, पनीर नको. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत.

शेवटची रजा

शुक्रवारी मी अलिकांतेला गेले आणि तिथून गाडीने अर्ध्या तासावर नोवेल्दाच्या बाजूला. विनालोपो खोऱ्यात द्राक्षाचा प्रत्येक घड वेलीवरच कागदी पिशवीत वाढतो, गेली शंभरेक वर्षं. नववर्षाच्या रात्री बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खायची स्पेनची रीत आहे, त्यातली पुष्कळ इथली. दिंडोरीला आपण घडांना पेपर लावतो तो मण्यांचा रंग राखायला. इथे सुरुवात झाली ती किडीपासून बचाव म्हणून. एका बागायतदाराने पिशवीचं तोंड सोडून आत हात घालायला सांगितलं. कागद बाहेरून उन्हाने तापला होता, आतला घड गार होता, आणि मण्यांवरची पांढरी लव जशीच्या तशी होती, कुठे बोट लागल्याची खूण नाही.

मी फोटो काढून पहाटे फोन करणाऱ्या त्याच दादांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "ताई, त्यांना विचारा, पिशवी लावतात तेव्हा मणी केवढा असतो?" मी खुणांनी विचारलं. त्याने खिशातून एक हिरवा वाटाणा काढावा तसा अंगठा आणि बोट जुळवून आकार दाखवला. त्या हाताचा फोटो मी परत पाठवला.