मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी काय करावे, काय खावे

दुर्बिणीने किंवा लेसरने मुतखडा काढला की एक-दोन दिवसांत रुग्ण घरी येतो आणि घरच्यांना वाटते, दुखणे संपले. खडा निघालेला असतो हे खरे. पण ज्या लघवीत तो तयार झाला ती लघवी तशीच असते, आणि बहुतेक वेळा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी, म्हणजे डीजे स्टेंट, आत ठेवलेली असते. त्यामुळे स्टेंट निघेपर्यंतचे आठवडे सांभाळणे हे पहिले काम, आणि नवा खडा होणार नाही असा आहार बसवणे हे दुसरे.

घरी आल्यावर सर्वांत आधी डिस्चार्ज कार्ड नीट वाचावे, स्टेंट ठेवला आहे का आणि तो कधी काढायचा आहे ते पाहावे आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण त्रास कमी झाला की लोक स्टेंट विसरतात. महिनोन्‌महिने आत राहिलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर चढतात, मूत्रपिंड धोक्यात येते आणि एरवी काही मिनिटांत निघणाऱ्या नळीसाठी पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

स्टेंट असताना वारंवार लघवीला लागणे, जळजळ होणे आणि लघवी करताना कुशीत कळ येणे हे अपेक्षित आहे. लघवी नळीतून थोडी वर ढकलली जाते म्हणून ती कळ येते. त्यासाठी दिलेल्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने काहींना चक्कर येते, तेव्हा अंथरुणातून सावकाश उठावे. लघवीचा रंग रोज पाहावा. पातळ कोकम सरबतासारखी गुलाबी लघवी, विशेषतः चालणे जास्त झाल्यावर, घाबरण्यासारखी नसते. पाणी प्यायल्यावर आणि विश्रांती घेतल्यावर ती निवळते. मात्र लघवी डाळिंबाच्या रसासारखी दाट लाल झाली, गुठळ्या पडू लागल्या, लघवी अडली किंवा उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरेना, तर रुग्णालय गाठावे. थंडी वाजून 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री जावे, कारण मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही.

पाठीतून छिद्र करून खडा काढला असेल तर एक-दोन दिवस पट्टी लघवीने ओली होऊ शकते. पाण्याची बादली, गॅसची टाकी, लहान मूल असे काहीही डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत, साधारण दोन ते चार आठवडे, उचलू नये. या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातही अचानक रक्तस्राव होऊ शकतो. तसे झाल्यास क्षणभरही थांबू नये.

पहिले काही दिवस मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, ताजे ताक असे हलके खावे आणि हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावे. पोट साफ राहील इकडे लक्ष द्यावे, कारण कुंथल्याने स्टेंटचा त्रास आणि रक्त दोन्ही वाढतात.

आता पाणी. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सगळ्यांनाच मिळतो, पण मोजायची असते ती लघवी. मापाच्या खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे आणावे आणि सुट्टीच्या दिवशी चोवीस तासांची लघवी मोजावी. ती सुमारे अडीच लिटर भरली पाहिजे. त्यासाठी साधारण तीन लिटर पाणी लागते, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात किंवा शेतात राबणाऱ्याला त्याहून बरेच जास्त. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.) प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून असंख्य स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत, घरच्यांनी ही अडचण ओळखून वाटेतले थांबे आधी ठरवावेत.

पुढचा आहार ठरवण्यापूर्वी खड्याच्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. घरी बारीक तुकडे पडत असतील तर वेगळी ठेवलेली चहाची गाळणी लघवीखाली धरून ते जमवावेत आणि प्रयोगशाळेत द्यावेत. बहुतेकांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, आणि ‘कॅल्शियम’ हा शब्द ऐकताच घरात दूध बंद होते. ही चूक टाळावी. ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या काही पदार्थांतून पोटात जाणारा घटक, आणि जेवणातले कॅल्शियम आतड्यातच त्याला बांधून ठेवते. ते कमी झाले तर ऑक्झलेट मोकळे राहून लघवीत जास्त उतरते. इटलीत 120 पुरुषांवर पाच वर्षे केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या 60 जणांपैकी 12 जणांना पुन्हा खडा झाला, तर कॅल्शियम कमी केलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना. तेव्हा जेवणाबरोबर वाटीभर दही किंवा ताक ठेवावेच, आणि हात आखडायचा तो मिठावर: दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. पापड, लोणचे, फरसाण आणि सुकी मासळी यांतले मीठही त्यातच धरावे.

ऑक्झलेटसाठी पालक, बीट, राजगिरा, बदाम-काजू आणि अळू यांवर मर्यादा हवी. अळूने घशाला येणारी खाज ही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचीच असते. चिंच घालून खाज गेली म्हणजे ऑक्झलेट गेले असे नाही. पालक खायचाच तर उकडून पाणी टाकून द्यावे. उपवासाकडे मुद्दाम लक्ष द्यावे: राजगिरा, रताळी आणि शेंगदाणे एकाच दिवशी पोटात जातात आणि निर्जळी असेल तर लघवी काकवीसारखी दाट होते. निर्जळी उपवास मुतखड्याच्या रुग्णाने करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टोमॅटोच्या बिया मात्र बिनधास्त खाव्यात, त्यांचा खडा होत नाही. लिंबातील सायट्रेट खडा जमण्यास अडथळा करते, म्हणून मीठ न घालता, साखर बेताची ठेवून लिंबूपाणी घ्यावे. कुळथाचे पिठले किंवा कढण आवडीने खावे, पण त्याच्या भरवशावर औषधे किंवा तपासण्या सोडू नयेत.

खडा युरिक अ‍ॅसिडचा असेल तर मटण, कलेजी, मासळी आणि बिअर आवरणे महत्त्वाचे ठरते. जंतुसंसर्गामुळे झालेला असेल तर संसर्गाचे उपचार पूर्ण करणे.

स्टेंट निघाल्यावर काही आठवड्यांनी सोनोग्राफी करावी आणि पुन्हा पुन्हा खडे होत असतील तर चोवीस तासांच्या लघवीची तपासणीही करून घ्यावी. त्या दिवशी सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी, तिथून पुढची प्रत्येक लघवी आणि दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी डब्यात धरावी, आणि जेवणखाण व पाणी अगदी रोजच्यासारखेच ठेवावे.