माउंटन बाइकच्या बॉटम ब्रॅकेटचं बेअरिंग कसं तपासावं, धुवावं आणि बदलावं

चढावर जोर लावला की पायाखालून कट-कट आवाज येतो आणि लगेच निकाल लागतो: ‘बीबी गेली.’ बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते तिच्यात बसणारा आणि क्रँकचा (पेडल ज्यांना लागतात त्या दोन दांड्यांचा) एक्सल धरून ठेवणारा बेअरिंगचा जोड. पण आवाज खालून आला म्हणून दोष खालीच असतो असं नाही. फ्रेम पोकळ असते आणि आवाज तिच्या नळ्यांतून हिंडतो. माझ्या सायकलीत असाच आवाज येत होता. मी नवी बीबी बसवली, तरी आवाज तसाच. शेवटी ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट काढून पुसला, ग्रीस लावून परत घातला, तेव्हा तो थांबला. काढलेली बीबी अगदी चांगली होती. म्हणून या लेखात पान्याआधी निदान.

दोष नेमका कुठे आहे?

बसून पेडल मारताना आवाज येतो आणि उभं राहिलं की थांबतो, असं असेल तर सीट आणि सीटपोस्ट पाहा. तिथे काही नसेल तर दोन्ही पेडल काढून आटे पुसा, ग्रीस लावा, पुन्हा घट्ट करा (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, लक्षात ठेवा). मग चेनरिंगचे (क्रँकवरच्या दातेरी चाकाचे) बोल्ट. एवढं करूनही आवाज राहिला तर बीबीकडे वळा.

चेन चेनरिंगवरून उतरवून ठेवा. एक क्रँक आर्म धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. क्रँक फिरवू नका, फक्त आडवा हलवा. मग दुसरा. इथे एक बारीक खूण कळते. एकच आर्म हलत असेल आणि दुसरा स्थिर असेल, तर तो आर्म एक्सलवर ढिला बसलाय. बेअरिंगचा काही संबंध नाही. दोन्ही आर्म एकदम, एकाच मापाने हलत असतील तर बेअरिंग झिजलंय, कप (फ्रेमच्या नळीत बसणारी, बेअरिंग धरणारी वाटी) सुटलाय किंवा प्रीलोड (बेअरिंगवरचा आडवा दाब) कमी पडलाय.

आता एक हात सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) ठेवा आणि दुसऱ्याने क्रँक सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग काहीच सांगत नाही. खराब झालेलं बेअरिंग धातूतून हाताला बारीक खरखर पोचवतं, बोटाखाली वाळू असल्यासारखी. क्रँक भरभर फिरतो का, हे पाहून फसू नका. ग्रीस धुऊन गेलेलं बेअरिंग नव्यापेक्षा जास्त मोकळं फिरतं. नव्या सीलचा थोडा जडपणा चांगलाच समजा.

तुमची बीबी कोणती?

फ्रेमच्या नळीबाहेर दोन्ही बाजूंना खाचा असलेले धातूचे कप दिसत असतील तर ती आट्यांची बीबी. माउंटन बाइकमध्ये या नळीची रुंदी बहुधा ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते, डाउनहिल सायकलींत ८३. खाचा दिसत नसतील आणि फक्त गुळगुळीत कड दिसत असेल, तर कप दाबून बसवलेले आहेत, म्हणजे प्रेसफिट.

दुसरं माप एक्सलच्या जाडीचं. शिमानोच्या हॉलोटेक २ पद्धतीत ती २४ मिलिमीटर असते, स्रामच्या डब पद्धतीत २८.९९, काही क्रँकमध्ये ३०. व्हर्नियर कॅलिपर लावून ही दोन मापं घेतल्याशिवाय सुटे भाग मागवू नका.

क्रँक उतरवणं

इथे २४ मिलिमीटर एक्सलची, आट्यांची बीबी धरून सांगतो. घरी करायला हीच सगळ्यात सोयीची.

डाव्या आर्मवर दोन बोल्ट असतात, ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने उघडणारे. एक पूर्ण सोडून मग दुसरा, असं करू नका. थोडा हा, थोडा तो, असे सैल करा. मग प्लास्टिकची प्रीलोड कॅप तिच्या छोट्या हत्याराने काढा. आर्मच्या फटीत एक बारीक पट्टी अडकलेली असते, आर्म आपोआप निसटू नये म्हणून. ती पातळ स्क्रू ड्रायव्हरने वर उचला. आता आर्म हाताने ओढला की निघतो. एक्सलच्या टोकावर रबरी हातोडीने हलके ठोके द्या, उजव्या बाजूने क्रँक एक्सलसकट बाहेर येईल.

आता बेअरिंगच्या भोकात बोट घालून आतलं कडं सावकाश फिरवा. क्रँक लावलेला असताना न जाणवलेली खरखर इथे स्पष्ट लागते. दोन्ही बाजू तपासा. अनेकदा एकच बेअरिंग गेलेलं असतं.

धुऊन पुन्हा ग्रीस भरणं

खरखर किंचित असेल तर बेअरिंग वाचू शकतं. सगळ्यात निवांतपणे करायचं काम हेच.

कपच्या तोंडावर प्लास्टिकचं झाकण असेल तर ते आधी पातळ पात्याने चहूबाजूंनी थोडं थोडं उचलून काढा. खाली बेअरिंगचं रबरी सील दिसेल. सुई किंवा धारदार पात्याचं टोक सीलच्या आतल्या कडेखाली, अगदी आडवं, सरकवा आणि सील वर काढा. टोक खोल घुसवलंत तर आतल्या, छर्रे धरणाऱ्या पिंजऱ्याला लागेल. सील वाकलं तर ते पुन्हा घट्ट बसणार नाही, म्हणून इथे घाई करू नका.

सील निघालं की बेअरिंगची प्रकृती डोळ्यांना दिसते. ग्रीस आपल्या मूळ रंगाचं, फक्त काळवंडलेलं असेल तर चिंता नाही. दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरलंय. तांबूस चिखल असेल तर छर्रे गंजायला लागलेत.

डिग्रीसर टाकून जुनं ग्रीस ब्रशने काढा, कडं फिरवत राहा, रंग येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. मग पूर्ण कोरडं होऊ द्या. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवायचा मोह होतो, पण तसं करू नका. ग्रीसशिवाय त्या वेगाने फिरलं की छर्रे आणि त्यांची चाकोरी दोन्ही खरवडतात. कोरडं झाल्यावर कडं बोटाने फिरवा. आता खरखर गेली असेल तर दोष घाणीचा होता. अजूनही ठरावीक जागी अडखळत असेल तर चाकोरीत खड्डे पडलेत, आणि ते कोणत्याही ग्रीसने भरत नाहीत. अशा बेअरिंगवर वेळ घालवू नका, बदला.

बरं निघालं तर पाण्याला टिकणारं ग्रीस बोटाने छर्र्यांच्या मधे दाबून भरा. कारखान्यातून येणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस बेताचंच असतं, कारण ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठीही बनलेलं असतं. क्रँक मिनिटाला शंभर फेऱ्याही क्वचितच घेतो. इथे ग्रीस जवळपास काठोकाठ भरलं तरी चालतं, उलट तेवढी पाण्याला जागा कमी.

कप बदलणं

उजव्या बाजूच्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. डाव्या बाजूचे सुलटे. पाठ करण्यापेक्षा एक सोपी खूण आहे: पान्याचं वरचं टोक सायकलच्या पुढच्या दिशेने ढकललं की दोन्ही कप सुटतात, मागच्या दिशेने ओढलं की दोन्ही आवळले जातात. पेडलचं बरोबर उलटं. चुकीच्या दिशेला जोर लावून फ्रेमचे आटे गेले तर ते दुरुस्त करणं फार अवघड, त्यामुळे पाना लावल्यावर एकदा थांबून दिशा पाहा.

पाना कपच्या सगळ्या खाचांत पूर्ण बसला पाहिजे. कप आणि नळी यांच्यामध्ये वॉशरसारख्या २.५ मिलिमीटरच्या चकत्या असतील. कोणत्या बाजूला किती होत्या ते फोटो काढून ठेवा. शिमानोच्या माउंटन क्रँकसाठी ७३ मिलिमीटरच्या नळीत साधारणपणे उजवीकडे एक चकती असते. ६८ मध्ये तीन: उजवीकडे दोन, डावीकडे एक. चकत्या चुकल्या की चेनची रेषा बिघडते किंवा डावा आर्म एक्सलवर पुरेसा आत जात नाही.

कप निघाले की फ्रेम तिरकी करून पाहा. आतून पाणी सांडलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. बीबीचं पाणी बऱ्याचदा बाहेरून नाही, वरून येतं: सीटपोस्टच्या फटीतून शिरून सीट ट्यूबमधून थेट खाली. दोन कपांच्या मधे जी प्लास्टिकची नळी असते ती याच पाण्याला आणि गंजाला बेअरिंगपासून दूर ठेवते. अनेक जण ती ‘नुसतं प्लास्टिक’ म्हणून टाकून देतात. टाकू नका. फ्रेमच्या तळाला पाणी जायचं भोक असेल तर ते तारेने मोकळं करा.

आटे चिंधी आणि ब्रशने लख्ख करा, ग्रीस लावा. नवा कप आधी हातानेच फिरवा. दोन-तीन फेरे सहज गेले पाहिजेत. अडकला तर पान्याने रेटू नका. काढा आणि पुन्हा सरळ धरून लावा. शेवटी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) ३५ ते ५० न्यूटन-मीटर.

मग एक्सलला पातळ ग्रीस लावून क्रँक आत सरकवा आणि डावा आर्म उजव्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला बसवा. प्रीलोड कॅप फक्त ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे बोटांच्या जोराने. नवं बेअरिंग लवकर जाण्यामागे ही कॅप करकचून आवळणं हे मोठं कारण असतं. त्यानंतर बारीक पट्टी खाली दाबा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. हे आकडे शिमानोच्या क्रँकचे आहेत. दुसरा क्रँक असेल तर त्याच्यावर छापलेला आकडा पाळा.

प्रेसफिट असेल तर

जुने कप आतून ठोकून काढावे लागतात आणि प्लास्टिकचे कप त्यात बहुधा खराब होतात. म्हणून नवे हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका. नवे कप बेअरिंग प्रेसने, सरळ रेषेत, दाबून बसवा. नुसतं बेअरिंग बसवत असाल तर दाब बाहेरच्या कड्यावरच आला पाहिजे. आतल्या कड्यावर दाब दिला की तो छर्र्यांमधून जातो आणि बेअरिंग बसवतानाच बिघडतं. कार्बनची फ्रेम असेल आणि हातात प्रेस नसेल तर हे काम मेकॅनिककडे द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

कप बदलूनही आवाज जात नसेल तर एकमेकांत आट्यांनी गुंतणारे दोन ॲल्युमिनियम कप मिळतात. ते दोन्हीकडून नळीला घट्ट आवळून धरतात. प्रेसफिट फ्रेमसाठी पैसे खर्च करण्याजोगी सुधारणा मला तरी हीच वाटते.

सिरॅमिक घ्यावं का?

चिखलात चालवणाऱ्याने घेऊ नये. बहुतेक सिरॅमिक बेअरिंगमध्ये फक्त छर्रे सिरॅमिकचे असतात, कडी पोलादाचीच. छर्रे गंजत नाहीत, पण चाकोरी गंजते, आणि मग ते कडक छर्रे तिला लवकर खातात. स्टेनलेसचं बेअरिंग गंजाला बरं, जरी त्याचं पोलाद नेहमीच्या बेअरिंगच्या पोलादापेक्षा थोडं मऊ असलं. दोन्हीकडे घट्ट टेकणारं रबरी सील असलेलं बेअरिंग घ्या. त्याच्यावर मापाच्या आकड्यापुढे २आरएस लिहिलेलं असतं. आणि धुताना जोराच्या फवाऱ्याचं तोंड बीबीकडे धरू नका. बादली आणि ब्रश पुरेसा आहे.

सगळं जोडून झालं की प्रत्येक कप आणि फ्रेम यांच्यावरून रंगाच्या पेनने एकच बारीक रेघ ओढा. दोन-तीन फेऱ्यांनंतर आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा पाहा आणि त्या रेघेकडेही बघा. रेघ तुटलेली दिसली तर कप सरकलाय: काढा, आटे पुन्हा पुसा, ग्रीस लावा आणि ठरलेल्या टॉर्कला आवळा.