गुलाबाई ते भाऊबीज: लहान मुलांच्या घरातली सणांची धावपळ कशी आवरावी

गुलाबाई म्हणजे खान्देशातल्या पोरींचा महिनाभराचा गाण्या-खाऊचा सण. ती भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला जाते. तेवढ्यात पितरांचा पंधरवडा, घट आणि दसरा होऊन जातात. मागोमाग सहामाही परीक्षा, कापसाची वेचणी आणि दिवाळी. घरात सात वर्षांच्या आतली दोन पोरं असली, तर खान्देशातले हे दिवस मोठ्यांना दम खाऊ देत नाहीत. कामं कमी होत नसतात, पण ती कोणत्या दिवशी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी करायची हे आपल्या हातात असतं. मुलाची झोप आणि जेवण हे दोन खुंटे आधी ठोकायचे, बाकी सगळं त्यांना बांधायचं.

1. कॅलेंडर उलटं वाचा

लक्ष्मीपूजनाच्या तारखेवर खूण करा आणि मागे मोजत या. दसरा तिच्या 19-20 दिवस आधी येतो, घट त्याच्याही नऊ-दहा दिवस आधी. तारखा दरवर्षी सरकतात हे विसरू नका. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला होता. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो 20 ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. दिवाळी अशी उशिरा आली की कापूस ऐन भरात असतो. वेचणीला माणसं मिळणं आणि फराळाला हात मिळणं, दोन्ही एकाच आठवड्यात अडतं. अशा वर्षी फराळाचे पदार्थ आधीच कमी ठरवा.

त्याच कॅलेंडरवर शाळेकडून कळलेल्या परीक्षेच्या तारखा लिहा. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे, खरेदी आणि देवदर्शन यांतलं काहीही ठेवू नका. पहिली-दुसरीच्या पोराला रोज वीस मिनिटांची उजळणी पुरते. रात्री दहापर्यंत बसवलेलं पोर सकाळी पेपरवर पेंगतं.

2. गुलाबाईची संध्याकाळ दीड तासात बसवा

पोरी घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत धाकट्याची झोप उडालेली असते. गल्लीतल्या आयांनी मिळून सहा वाजता सुरुवात आणि साडेसातला शेवटचं घर असं ठरवावं. लहान पोरी असलेली घरं आधी घ्यावीत.

खाऊ ओळखायचा खेळ हाच पोरांचा खरा जीव. डबा हलवला की आवाजावरून अंदाज बांधतात: फुटाणे खडखडतात, मुरमुरे सळसळतात, साखरफुटाणे टणटणतात. खाऊ फडक्यात गुंडाळून डबा गच्च भरला की आवाजच येत नाही, मग ‘गोड का तिखट’ इथून प्रश्न सुरू होतात. उकडलेल्या शेंगा, राजगिऱ्याची वडी, केळ्याच्या चकत्या असा आवाज न करणारा आणि स्वस्त खाऊ निवडा. मुठभर पुरतो. रोज गोड ठेवलं तर महिनाभर पोरं रात्रीचं जेवण टाळतात.

चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि खोबऱ्याचे तुकडे देऊ नका. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, दाणा न चावता मागे जातो आणि हसता-पळताना श्वासनळीत अडकतो. खाऊ वाटताना या वयाच्या पोरांना खाली बसवा. चिवड्याचंही तेच: त्यांच्या वाटणीचा डबा दाणे टाकण्याआधीच बाजूला काढा.

3. नळाच्या दिवशीच कोरडा दिवस

ऑक्टोबरात ऊन पुन्हा चढतं, पावसाचं पाणी डबक्यात साचलेलं असतं आणि डेंग्यूचा एडिस डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं पूर्ण रिकामं करून घासायचं, हाच कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कारण अंडी काठाला चिकटलेली राहतात. खान्देशातल्या अनेक गावांत नळ रोज येत नाही, त्यामुळे भरलेली टाकी ओतायला जीव होत नाही. यावर साधा उपाय म्हणजे नळ यायच्या सकाळी उरलेलं पाणी बादल्यांत काढून धुण्याला-झाडांना घालायचं, टाकी काथ्याने घासायची आणि मग नवं पाणी भरायचं. कूलरची टाकी आणि फ्रीजमागची ताटली नेमकी विसरली जाते.

ताप आलाच तर पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत 4 ते 6 तासांचं अंतर, दिवसभरात चार डोसांपेक्षा जास्त नाही. घोळ इथे होतो: एका सिरपच्या 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या 5 मिलीत 250. बारा किलोच्या मुलाला पहिल्याचे 5 मिली योग्य, दुसऱ्याचे तेवढेच दिले तर जास्त होतं. बाटली बदलली की लेबल वाचा आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोर खेळण्याऐवजी सुस्त पडलं, पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना. डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरताना सुरू होतात.

4. कापूस घरात आला की

भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायची इकडची रीत. पोरांना तो ढीग म्हणजे गादी. त्यात उड्या मारू देऊ नका: लहान पोर खोल रुतलं तर त्याचा आवाजही बाहेर येत नाही. दुसरं म्हणजे खाज. किडका कापूस साठवला की त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे होतात, ते चावून पोट-पाठीवर लाल पुरळ उठतं. खोलीला कडी वरच्या बाजूला लावा. वेचून आलेल्या माणसाने हातपाय धुऊन, कपडे बदलूनच मूल उचलावं. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या धुऊन पाण्याला वापरायची सवय तर आजच मोडा.

वेचणीच्या दिवसांत संध्याकाळचा स्वयंपाक आधीच अर्धा करून ठेवता येतो. बट्ट्या (कणकेचे गोळे) वाफवून गार करा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चिरून तळल्या की वरणाबरोबर अर्ध्या तासात ताट तयार. पोराच्या वाटीत बट्टी कुस्करून त्यावर तूप-वरण.

5. फराळ: चार पदार्थ पुरे

चिवडा, शेव, शंकरपाळे आणि अनारसे किंवा लाडू. सहा माणसांच्या घराला पातळ पोह्यांचा अर्धा किलो चिवडा पहिल्या खेपेला पुरतो. अनारसे करायचे असतील तर दहा-बारा दिवस आधी लागा: तांदूळ तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत निथळून दळायचे, गूळ मिसळून पीठ चार-पाच दिवस मुरवायचं. या वेळापत्रकाला मूल आजारी पडणं परवडत नाही. घरात तान्हं असेल तर अनारसे बिनधास्त विकत आणा.

तळण फक्त मुलं झोपल्यावर किंवा शाळेत गेल्यावर. ओट्यावर मागच्या शेगडीचा वापर करा, कढईचा दांडा आत वळवा.

शंकरपाळ्यात पोरांना खरोखर काम देता येतं. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप गरम करून साखर विरघळू द्या, खाली उतरवून कोमट करा, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा घाला. साधारण चार-पाच वाट्या लागतो. फार मळू नका, मळलं की कडक होतात. अर्धा तास झाकून ठेवा. पोळी जाडसर लाटून दिली की पाच-सहा वर्षांचं पोर कातण फिरवतं. वेडेवाकडे तुकडे होऊ द्या, पण लहान-मोठे एकत्र तळू नका, बारके जळतात. आधी एकच तळून बघा: तेलात विरघळला तर तूप जास्त झालं, दोन चमचे मैदा मळा. दगडासारखा झाला तर तूप कमी पडलं. आच मंद ठेवा, नाहीतर वरून लाल आणि आतून कच्चे.

6. फुलबाजी

निरुपद्रवी समजली जाते, पण पोरं तिच्यानेही भाजतात. जळतं टोक हजार अंशांच्या घरात तापतं आणि विझल्यावर तार कितीतरी वेळ गरम राहते. ती अंगणात टाकली की अनवाणी पाय तिच्यावर पडतो. पाण्याची बादली शेजारी हवी, विझलेली प्रत्येक तार तिच्यात. पायात बूट, अंगात सुती कपडे, नायलॉनचा घागरा आणि लोंबती ओढणी घरात. कापसाच्या खोलीची खिडकी बंद, पणत्याही त्या बाजूला नकोत.

भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका, फोड फोडू नका. चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजलं असेल तर डॉक्टरांकडे.

7. माहेरची गाडी

भाऊबीजेला एसटी आणि सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या ओसंडून वाहतात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे पोळ्याच्या आसपासच तारीख ठरवावी लागते. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. जागा हवी तर पूर्ण भाडं. एसटीत बाईला निम्मं भाडं आणि पाच ते बाराच्या मुलांना अर्धं तिकीट. प्रवासात ओआरएसचं पाकीट, एक सुती चादर आणि मुलाच्या हातावर पेनाने लिहिलेला तुमचा फोन नंबर असू द्या. परतीला फराळाच्या डब्यांनी पिशवी भरते आणि शाळेचं दप्तर तिकडेच राहतं, म्हणून ते जातानाच घरी ठेवा.